रिकाम्या जागेतला पुठ्ठा

आमच्या सोसायटीत शैला मेश्रामबद्दल कोणी बरे बोलत नाही. बिबवेवाडीतली तीन मजली इमारत, सोळा बिऱ्हाडे, आणि त्यांतल्या निदान नऊ जणांशी तिचे कधी ना कधी वाजलेले आहे. मागच्या वर्षी सेक्रेटरींनी फलकावर लिहिले, 'उद्या पाणी उशिरा येईल.' शैलाने कामावर जाता जाता त्याखाली पेनाने लिहिले, 'किती वाजता? आणि हे आज लिहिले की काल?' सेक्रेटरी आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून फलकावर तारीख आणि वेळ असते. ती का असते, हे मात्र कोणी सांगत नाही.

वय सत्तेचाळीस. केस कापलेले, चाल भरभर, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या कपाळाकडे बघायची सवय. जणू तो काय विसरलाय ते तिथे लिहिलेले असावे. आईच्या आजारपणात तिने आधीची नोकरी सोडली. आई गेल्यावर दुसरी मिळायला चौदा महिने लागले. ती मिळाली खराडीतल्या एका कंपनीत, सहा महिन्यांच्या अटीवर. सहा महिने नीट गेले तर कायम, नाहीतर नमस्कार. घरी ती आणि तिचे वडील सीताराम, दोघेच. वडिलांना अठ्ठ्याहत्तरावे लागले आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या कचेरीत ते अभिलेख सांभाळायचे, म्हणजे जुनी रजिस्टरे काढून नकला द्यायचे.

शैलाचे काम म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमचे माहितीपत्रक लिहिणे. तो काय करतो, काय विचारल्यावर काय उत्तर देतो, हे सगळे. पूर्वी ती हे माणसांसाठी लिहायची. नव्या कंपनीत ते एआय एजंटसाठी होते, म्हणजे माणसाच्या वतीने आपणहून कामे करणाऱ्या यंत्रांसाठी.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. मे महिन्यात वरच्या घरात फरशा बदलायचे काम निघाले आणि घरून काम असेल त्या दिवशी शैला माझ्या बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागली. सोबत वडीलही येत. ते खिडकीपाशी बसत आणि पेपर शेवटच्या पानापासून वाचत.

एकदा तिने माझ्यापुढे दोन कागद ठेवले.

"बाई, यात लिहिलंय तेवढंच करायचं. डोकं वापरायचं नाही."

"मग मला कशाला निवडलंत?"

"सोसायटीत बाकीच्यांना हे न सांगता जमतं. मला मुद्दाम करणारं माणूस हवं होतं."

खेळ असा होता. मी एजंट, ती टूल, म्हणजे एजंट ज्याला विचारतो तो प्रोग्रॅम. संस्था आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांची नोंद ब्लॉकचेनवर करतात. ब्लॉकचेन म्हणजे एक मोठी नोंदवही. तिच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात आणि एकदा केलेली नोंद कोणाला खोडता येत नाही. नोकरी देणाऱ्या कंपनीचा एजंट प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन येतो आणि शैलाच्या कंपनीचे टूल त्या वहीत बघून उत्तर देते. कागदावर उदाहरण दिले होते. अर्जदाराचे नाव महिपती, खाली एक क्रमांक. मी क्रमांक वाचला.

"उत्तर रिकामं," शैला म्हणाली.

मी कागद पाहिला. "म्हणजे असं प्रमाणपत्र दिलेलंच नाही. अर्ज नामंजूर."

"कशावरून?"

"तुमच्या कागदावर लिहिलंय."

"हो. आणि ते खोटं आहे."

तिने सांगितले ते मला समजले तसे लिहिते. कंपनी स्वतःकडे त्या वहीची एक प्रत ठेवते आणि टूल त्या प्रतीतच बघते. ती प्रत कधी कधी मूळ वहीच्या मागे पडते, तासभर, कधी अर्धा दिवस. त्या वेळात नोंद झालेले प्रमाणपत्र टूलला दिसत नाही. मग ते रिकामे उत्तर देते. नोंद नाही, तरी रिकामे. बघताच आले नाही, तरी रिकामेच.

"माणूस असता तर त्यानं फोन करून विचारलं असतं," ती म्हणाली. "एजंट विचारत नाही. तो माझं वाक्य खरं धरतो आणि दोनशे जणांचे अर्ज बाहेर टाकतो. त्या दोनशेंना कळतही नाही का."

खिडकीपाशी पेपर खाली आला. "जागेवर पुठ्ठा पाहिजे," सीतारामजी म्हणाले.

"बाबा, तुम्ही या विषयावर बोलू नका."

तिने आवाज चढवला नव्हता. पेपर पुन्हा वर गेला. पण त्यानंतर बराच वेळ पान उलटले नाही.

पुठ्ठ्याचे मला नंतर कळले, काही तिच्याकडून, काही त्यांच्याकडून, वेगवेगळ्या दिवशी. अभिलेख खोलीतले एखादे रजिस्टर बांधणीसाठी बाहेर गेले की सीतारामजी त्याच्या जागी तेवढ्याच उंचीचा पुठ्ठा उभा करत आणि त्यावर लिहीत, 'रजिस्टर बांधणीस गेले आहे.' शोधायला येणाऱ्याला रिकामी फट दिसू नये म्हणून. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती. एकोणीसशे नव्वद साली महिपती नावाचा एक जण आपल्या जन्माच्या नोंदीची नक्कल मागायला आला. तो सूतगिरणीत कामाला होता, आणि कायम व्हायला त्याला वयाचा दाखला हवा होता. नेमके तेच रजिस्टर बांधणीला गेले होते. पुठ्ठा जागेवर होता. साहेबांनी सांगितले, अर्ज पडून राहायला नको, निकाली काढा. सीतारामजींनी शेरा लिहिला, 'नोंद आढळत नाही,' आणि खाली सही केली. गिरणीने महिपतीला काढले. चार महिन्यांनी रजिस्टर परत आले. नोंद होती. महिपती नक्कल घेऊन त्यांच्या अंगणात आला. बारा वर्षांच्या शैलाने त्याला पाणी दिले. तो एवढेच म्हणाला, "साहेब, नोंद हाये जी." पाणी पिऊन तांब्या उंबऱ्यावर ठेवून गेला. शैला वडिलांशी तेव्हापासून कामापुरते बोलते.

मंगळवारी तिची मीटिंग माझ्याच खोलीत झाली. ड्रिलचा आवाज खालपर्यंत येत होता म्हणून तिने स्पीकर मोठा ठेवला होता. पलीकडे राकेश, तिच्या गटाचा प्रमुख, वय चौतीस, आणि दत्तप्रसाद, ज्याने टूल बनवले तो.

"शैला मॅम," राकेश म्हणाला, "तुम्ही लिहिलंय, 'रिकामे उत्तर आल्यास नोंद नाही असे समजू नये.' क्लायंटनं हे वाचलं तर?"

"क्लायंट वाचणार नाही. त्याचा एजंट वाचणार."

"तेच म्हणतोय. एजंट कन्फ्यूज होईल."

"होत नाही ना. झाला असता तर मी निवांत झोपले असते."

"मॅम, प्लीज. कॉपी मागे पडणं हे एक्सेप्शन आहे."

"दत्तप्रसाद, सोमवारी कॉपी किती मागे होती?"

"सोमवारी का?" दत्तप्रसाद खाकरला. "तशी चालू होती."

"आमच्या नळासारखी?"

"पाच तास मागे होती."

"मार्चपासून हे नववं एक्सेप्शन," शैला म्हणाली. "मला दोनऐवजी तीन उत्तरं द्या. आहे, नाही, आणि तपासता आलं नाही. किती काम आहे?"

"चार दिवस," दत्तप्रसाद म्हणाला.

"रिलीज पंधरा तारखेला आहे," राकेश म्हणाला. "चार दिवस मी कुठून आणू? बिबवेवाडीतून?"

"मग निदान एजंटला सांगू द्या की आधी कॉपी कुठपर्यंत आलीय ते विचार आणि मग शोध."

"म्हणजे प्रत्येक शोधाला दोन फेऱ्या. टूल स्लो दिसेल."

"थापा मारणारा नेहमीच पटकन उत्तर देतो."

"मॅम, आपण डॉक्युमेंटेशन लिहितोय, पुणेरी पाटी नाही."

"मी विदर्भातली आहे. पाट्या तुमच्या गावच्या."

राकेश म्हणाला, "आणि उदाहरणात हे महिपती कोण? जरा आजचं नाव टाका ना."

"ते नाव राहील."

दुसऱ्या दिवशी राकेशने पान स्वतः बदलले. तिचे वाक्य गेले. त्या जागी आले, 'उत्तर रिकामे असल्यास असे प्रमाणपत्र दिले गेलेले नाही.' खाली जबाबदार व्यक्ती म्हणून तिचे नाव तसेच होते.

त्यांच्या कंपनीत एक नियम आहे. प्रत्येक पानाखाली एका माणसाचे नाव लागते. कोणाचा एजंट अडला तर प्रश्न त्या माणसाकडे जातो. पान बदलले की त्या माणसाला मेल येतो, 'या पानाची जबाबदारी तुमची आहे का?' आणि खाली होय-नाही. होय म्हटल्याशिवाय पान बाहेर जात नाही. हा नियम राकेशनेच मागच्या वर्षी आणला होता. त्यासाठी त्याला बक्षीसही मिळाले होते, असे शैलाने मला अगदी कोऱ्या चेहऱ्याने सांगितले.

तिने 'नाही' दाबले. राकेशने तिचे नाव पुन्हा टाकले. खराडीहून स्वारगेटला येणाऱ्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून, तिने चार वेळा 'नाही' दाबले. पाचव्या वेळी त्याचा फोन आला. तेव्हा ती आमच्या जिन्यापर्यंत पोचली होती. मी दार उघडले, तर तिने मला हाताने थांबा म्हटले आणि पायरीवरच बसली.

"मॅम, तुमचं कन्फर्मेशन पंधरा दिवसांवर आलंय," तो म्हणत होता. फोन जुना, आवाज बाहेर येतो.

"तारीख मला पाठ आहे."

"फक्त नाव आहे हो. कोण बघतंय?"

"कोणीच बघत नसेल तर तुमचं टाका."

"मी लीड आहे. लीडचं नाव पानावर नसतं."

"मग दत्तप्रसादचं टाका. टूल त्याचं आहे."

"टाकतो. प्रश्नच नाही," राकेश म्हणाला आणि फोन ठेवला.

प्रश्न होता. दत्तप्रसादनेही 'नाही' दाबले. शैलाला त्याचा निरोप आला, तो तिने मला दाखवला. 'मॅडम सॉरी. पान बरोबर आहे असं मी मीटिंगमध्ये म्हणालो, पण सोमवारचे पाच तास मला माहीत आहेत.' राकेशने मग जबाबदार व्यक्ती म्हणून 'टीम' लिहिले. यादीत 'टीम' नावाचा माणूस नव्हता. त्यानंतर त्याने यादीतून एक नाव निवडले आणि दिवसभर होकाराची वाट पाहिली. तो माणूस एप्रिलमध्येच नोकरी सोडून गेला होता. यादीतून त्याचे नाव काढायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मेल परत आला, 'हा पत्ता अस्तित्वात नाही.'

"बघा," शैला म्हणाली, "पत्त्याच्या बाबतीत त्यांना बरोबर कळतं काय लिहावं."

हे सांगताना ती हसली नाही. मला हसू आले होते, ते मी गिळले. कारण त्याच दिवशी तिला मनुष्यबळ विभागाचे पत्रही आले होते. 'सहकार्याच्या वृत्तीबाबत नाराजी. कायम करण्याबाबत फेरविचार.' दोन वाक्ये, आणि दोन्ही वाक्यांत कर्ता नाही, असे तिने मला बोट ठेवून दाखवले.

सीतारामजींनी पत्र मागून घेतले. चष्मा पुसला. सगळे वाचले, पाठची बाजूही पाहिली.

"दाबून टाक होय," ते म्हणाले. "नोकरी हाये तुझी."

"तुम्ही दाबलं होतं. पुढं काय झालं ते मी पाह्यलंय."

"म्या दाबलं म्हणून तू शिकली."

ती वडिलांकडे बघत राहिली. कपाळाकडे नाही, डोळ्यांकडे. "तांब्या मी उचलला होता उंबऱ्यावरचा," ती म्हणाली. "तुम्ही घरात होता. बाहेर आला नाहीत."

"काय सांगणार होतो बाहेर येऊन?"

"नोंद आहे, एवढं तरी. त्यानंच येऊन सांगितलं तुम्हाला."

तिने लॅपटॉप मिटला आणि वर निघून गेली. फरशांची धूळ जिन्यात साचली होती, त्या धुळीत तिच्या चपलांचे ठसे उमटले. सीतारामजी बसून राहिले. मी पाणी दिले. ते त्यांनी घेतले, प्यायले नाही. दोघांनाही काही मऊ बोलावे असे माझ्या मनात होते. पण दोघांनीही ते माझ्या तोंडावर परत केले असते, आणि ते बरोबरच झाले असते.

बारा तारखेला काय झाले ते दत्तप्रसादने शैलाला सांगितले. राकेशने शेवटी जबाबदार व्यक्ती म्हणून स्वतःचे नाव टाकले. मेल त्यालाच आला. तो त्याने उघडला. दत्तप्रसाद त्याच्या मागच्या टेबलावर बसतो, त्याला स्क्रीन दिसत होता. राकेश सकाळपासून जेवणापर्यंत ते पान वाचत होता. ओळी एकूण चौदा. जेवून आल्यावर पुन्हा वाचले. मग खुर्ची वळवून म्हणाला, "चार दिवस म्हणालास ना? घे."

रिलीज एकोणीस तारखेवर गेले. उशिराचे कारण म्हणून राकेशने वर कळवले, 'डॉक्युमेंटेशनमुळे.' शैलाला कायम केले नाही. तिची मुदत तीन महिन्यांनी वाढवली, शेरा तोच, सहकार्याच्या वृत्तीबाबत नाराजी. राकेश आता तिच्याशी मेलवरच बोलतो आणि मेलची सुरुवात 'आपण' अशी करतो.

"वाईट वाटलं?" मी विचारले.

"तीन महिने आणखी नाही म्हणता येईल," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी ती नवे पान घेऊन आली. वरचे काम संपले होते, ड्रिल नव्हते, तरी ती खालीच आली. सीतारामजीही आले आणि आपल्या जागी बसले. मी पुन्हा एजंट झाले. महिपतीचा क्रमांक वाचला.

"उत्तर तिसरं," शैला म्हणाली आणि कागदावरून वाचले, "'तपासता आले नाही. याचा अर्थ नोंद नाही असा घेऊ नये. पुन्हा विचारावे.'"

"बरं. मी पुन्हा विचारते."

"आता?"

"इथं पुन्हा विचारावे एवढंच आहे. आणि डोकं वापरायचं नाही असं तुम्हीच म्हणालात. महिपतीचा क्रमांक."

"उत्तर तिसरं."

"पुन्हा विचारते."

"कधी?" सीतारामजी म्हणाले. पेपर त्यांनी घडी करून मांडीवर ठेवला होता.

"काय कधी?"

"पुन्हा विचारावे, लिहिलं. कधी ते नाही लिहिलं."

या वेळी शैलाने त्यांना बोलू नका म्हटले नाही.

"म्याही पुठ्ठ्यावर तसंच लिहिलं होतं," ते म्हणाले. "बांधणीस गेले आहे, पुन्हा अर्ज करावा. महिपती दुसऱ्या दिवशी आला. मग तिसऱ्या. आठ कोस चालून याचा. अकरा वेळा आला. बाराव्या वेळी साहेब म्हणाले, हा माणूस रोज दारात दिसतो, याचं निकाली काढा. तो आला नसता इतक्यांदा, तर अर्ज राहिला असता तिथंच. पडून राहिला असता, पण जिवंत राहिला असता."

हे शैलाला माहीत नव्हते. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले. पस्तीस वर्षे तिने एका सहीचा राग धरला होता आणि पुठ्ठ्याला त्यातून वगळले होते.

"तारीख का नाही लिहिली?" तिने विचारले. आवाजात नरमाई नव्हती. ती सेक्रेटरींना विचारते तसेच विचारले.

"माहीत नव्हती. बांधणीवाल्याले विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं."

तिने फोन उचलला. "दत्तप्रसाद, कॉपी किती वेळात बरोबरीला येईल हे टूलला सांगता येतं का?"

"मॅडम, आज शनिवार आहे."

"मी वार विचारला नाही."

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग, "येतं. अंदाज येतो. एका ओळीचं काम आहे."

"अंदाज आहे असंही लिहीन. सोमवारी सकाळी द्या."

तिने पेनाने 'पुन्हा विचारावे' खोडले नाही, त्याच्या आधी शब्द घातले, 'उत्तरासोबत दिलेल्या वेळेनंतर, त्याआधी नाही.' ते लॅपटॉपवर उतरवले. थोड्या वेळाने मेल आला, 'या पानाची जबाबदारी तुमची आहे का?' तिने अख्खे पान पहिल्यापासून वाचले, ओठ हलवत, शाळेत मुले वाचतात तसे. मग 'होय' दाबले.

"उदाहरणात महिपतीच ठेवला?" सीतारामजींनी विचारले.

"ठेवला."

"त्याले आता किती खेपा पडतात?"

तिने कागद पुन्हा पाहिला, जणू तिथे लिहिलेले होते.

"दोन."

"बरं," ते म्हणाले आणि पेपर उघडला, शेवटच्या पानापासून.